कर्करोगाच्या उपचारांनंतर न जाणारा थकवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्करोगाचे उपचार पूर्ण झाले, रिपोर्ट चांगले आले, भेटायला येणाऱ्यांची वर्दळही थांबली, आणि तरीही सकाळी अंथरुणातून उठताना अंगात त्राण नसते, अशी तक्रार फॉलोअपला येणाऱ्या कितीतरी जणांची असते. ती बहुतेक वेळा अगदी शेवटी, डॉक्टर पुढची तारीख लिहीत असताना, दारापाशी उभे राहून सांगितली जाते आणि म्हणून तिथेच विरते. शस्त्रक्रिया, किमो किंवा रेडिएशन पूर्ण झालेल्या प्रौढ रुग्णांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून नेहमी येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. ही माहिती डॉक्टरांच्या तपासणीला पर्याय नाही. डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावी, एवढाच तिचा उपयोग.

उपचार संपून सहा-सात महिने झाले, तरी थकवा का जात नाही?

किमोच्या प्रत्येक सायकलनंतर पहिले काही दिवस अंग गळून जाते आणि पुढची सायकल येईपर्यंत थोडे सावरते. रेडिएशनचा, म्हणजे ज्याला आपल्याकडे अनेक जण शेक म्हणतात त्याचा, थकवा मात्र आठवड्यागणिक साठत जातो आणि शेवटच्या दिवसांत सर्वांत जास्त जाणवतो. उपचार थांबल्यावर बहुसंख्य रुग्णांचा थकवा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरू लागतो आणि वर्षभरात ते पुष्कळसे पूर्ववत होतात. परंतु साधारणपणे दर तीन-चार रुग्णांमागे एकाचा थकवा त्यानंतरही मागे राहतो आणि काहींच्या बाबतीत तो अनेक वर्षे टिकतो. शेवटची सलाइन निघाली त्या दिवसापासून शरीर कोरी पाटी घेऊन सुरुवात करते, ही समजूतच मुळात चुकीची आहे, आणि रुग्णाला सर्वाधिक त्रास तीच देते.

हा थकवा नेहमीच्या दमण्यापेक्षा वेगळा कसा ओळखावा?

दिवसभर खुरपणी केल्यावर किंवा लग्नघरातली धावपळ आटोपल्यावर येणारा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. हा थकवा झोपेने उतरत नाही आणि केलेल्या कामाशी त्याचे प्रमाण जुळत नाही, या त्याच्या दोन मुख्य खुणा. आंघोळीनंतर केस पुसताना हात वर धरवत नाहीत, दाराची बेल वाजली तरी उठणे नकोसे होते, वर्तमानपत्रातला एकच परिच्छेद दोनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. शरीर, मन आणि लक्ष ही तिन्ही एकाच वेळी मंदावतात.

त्याचे माप घेण्याची सोपी पद्धत म्हणजे ० ते १० हा आकडा. शून्य म्हणजे थकवा मुळीच नाही आणि दहा म्हणजे कल्पना करता येईल तितका. १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम आणि ७ ते १० तीव्र असे मानले जाते. आकडा सतत ४ किंवा त्याहून अधिक राहत असेल, तर त्याची कारणे शोधली गेलीच पाहिजेत.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. आपण बोलताना थकवा आणि अशक्तपणा हे शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण डॉक्टरांसाठी ते वेगळे आहेत. जमिनीवरून उठताना मांड्या साथ देत नसतील किंवा एकाच हाता-पायातले बळ कमी झाले असेल, तर ते तसेच, स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडमुळे मांड्यांचे स्नायू दुबळे होऊ शकतात आणि एका बाजूच्या अशक्तपणाचा मज्जासंस्थेशी संबंध असू शकतो.

शरीरात नेमके काय घडते?

याचे एकच एक कारण नाही. कर्करोग आणि त्यावरचे उपचार यांमुळे शरीरात सूज निर्माण करणाऱ्या रासायनिक संदेशवाहकांचे प्रमाण वाढते आणि त्यांचा परिणाम थेट मेंदूवर होतो. फ्लूचा ताप आल्यावर अंग मोडून पडावेसे वाटते, ते याच मार्गाने. ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची दैनंदिन लय बिघडते, झोपेचे चक्र विस्कळीत होते, आणि महिनोन्‌महिने कमी हालचाल झाल्यामुळे स्नायू झडतात. शेवटचे कारण सर्वांत दुर्लक्षित राहते. स्नायू कमी झाले की तेच काम करायला अधिक जोर लागतो, जोर लागला की माणूस अधिक दमतो, दमला की आडवा होतो, आणि आडवे राहिल्याने स्नायू आणखी घटतात. हे चक्र कुठून तोडायचे, याचे उत्तर पुढे चालण्याविषयीच्या प्रश्नात आहे.

थकवा म्हणजे आजार परत आला, असे समजायचे का?

नाही. उपचारांनंतर टिकून राहिलेला आणि कमी-जास्त होणारा थकवा हे एकटे लक्षण बहुतेक वेळा आजार परतल्याचे चिन्ह नसते. मात्र बरा होत आलेला थकवा पुन्हा एकाएकी वाढू लागला, किंवा त्याच्या जोडीला वजन घटणे, नवीन गाठ, सतत वाढणारी वेदना, न थांबणारा खोकला किंवा रात्री घामाने अंथरूण भिजणे असे काही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवून घ्यावे.

विश्रांतीतही धाप लागणे, छातीत दुखणे, एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखणे, काळी शौचास होणे, बोलण्यात असंबद्धता येणे, किंवा किमो अलीकडेच झालेली असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप येणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप असल्यास 'सकाळी बघू' असे म्हणून रात्र काढू नये.

कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

थकव्याचे बरेच भाग दुरुस्त होण्याजोगे असतात, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी हिमोग्लोबिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार प्रौढ स्त्रीमध्ये ते १२ आणि पुरुषामध्ये १३ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. आपल्याकडे बऱ्याच स्त्रियांचे हिमोग्लोबिन आजारापूर्वीच कमी असते, त्यामुळे 'माझे पहिल्यापासून ९ आहे' हे वाक्य अनेकदा ऐकू येते. पूर्वीपासून आहे म्हणून ते चालण्यासारखे आहे, असे मुळीच नाही. त्यासोबत लोह, बी-१२, रक्तातील साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या, सोडियम व कॅल्शियम या तपासण्या डॉक्टर गरजेनुसार सांगतात. शुद्ध शाकाहारी व्यक्तींमध्ये, तसेच जठराचा भाग काढलेल्या रुग्णांमध्ये बी-१२ ची कमतरता विशेष करून शोधावी लागते.

यापुढील तपासणी तुम्हाला कोणता उपचार मिळाला यावर ठरते. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी मानेवर रेडिएशन घेतलेल्यांची थायरॉइड ग्रंथी पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मंदावू शकते. तंबाखू आणि मिश्रीमुळे महाराष्ट्रात अशा रुग्णांची संख्या मोठी असल्याने ही गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते. अशा रुग्णांची टीएसएच ही रक्तचाचणी दर ६ ते १२ महिन्यांनी व्हायला हवी, आणि थायरॉइड मंदावलेले आढळल्यास रोजच्या एका गोळीने थकव्यात मोठा फरक पडू शकतो. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारा उपचार, घेतलेल्यांमध्ये थायरॉइडबरोबर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क या संप्रेरके तयार करणाऱ्या ग्रंथींवरही परिणाम होऊ शकतो. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ज्याला रुग्ण 'लाल औषध' म्हणतात ते, किंवा स्तनाच्या काही कर्करोगांत दिले जाणारे ट्रास्टुझुमॅब घेतले असेल आणि जिना चढताना धाप लागत असेल, तर टूडी एको करून हृदयाची क्षमता पाहिली जाते.

आणि ज्यांनी बरेच आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत त्यांनी त्या स्वतःहून एकदम बंद केल्या असल्यास तेही सांगावे. अशा वेळी शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल पुरेसे तयार होत नाही आणि गळून गेल्यासारखे होते, प्रसंगी जिवावरही बेतते.

रोज चालू असलेल्या गोळ्यांमुळे थकवा येतो का?

येऊ शकतो. स्तनाच्या कर्करोगानंतर पाच किंवा त्याहून अधिक वर्षे घ्याव्या लागणाऱ्या लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधे आखडतात, टॅमॉक्सिफेनने रात्री अंगातून वाफा येऊन झोप मोडते. प्रोस्टेटच्या कर्करोगातील संप्रेरक-उपचारांनी स्नायू घटतात. रक्तदाबाची काही औषधे, ॲलर्जीच्या गोळ्या, मज्जातंतूंच्या वेदनेसाठीची गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबॅलिन आणि झोपेच्या गोळ्या यांनीही दिवसभर सुस्ती राहते. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. वेळ बदलून किंवा पर्यायी औषध देऊन पुष्कळदा मार्ग निघतो. लेट्रोझोल, टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरक-उपचाराची गोळी परस्पर बंद करणे मात्र सर्वथा टाळावे.

ताकदीसाठी सलाइन लावून घेतली तर?

गावोगावी विचारला जाणारा हा प्रश्न आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच-सहा चमचे, आणि बाकी सगळे पाणी. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले असेल तर सलाइनने निश्चित बरे वाटते, पण टिकून राहिलेल्या थकव्यावर तिचा काही उपाय चालत नाही. खाटेवर निजलेल्या माणसाभोवती चार माणसे गोळा होतात, कोणी तरी डोक्यावर हात ठेवते, दोन तास शांत पडून राहायला मिळते. बरे वाटण्याचे श्रेय माझ्या मते त्याचेच जास्त असते, आणि ते सुई न टोचताही मिळू शकते. मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना अशी अकारण सलाइन अपायकारक ठरू शकते, तसेच शस्त्रक्रियेत ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत त्या हाताला सुई टोचू देण्यापूर्वी ते आठवणीने सांगावे.

विश्रांती घ्यावी की चालावे?

चालावे, परंतु मापात. घरचे लोक प्रेमापोटी 'तू पडून राहा' म्हणतात आणि रुग्णालाही तेच हवेसे वाटते, पण जास्तीची विश्रांती हा थकवा कमी करत नाही, उलट टिकवून धरते. २०१७ मध्ये अमेरिकेत ११३ अभ्यासांतील ११,५२५ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली, तेव्हा व्यायाम आणि मानसोपचार हे औषधांपेक्षा थकव्यावर अधिक परिणामकारक ठरले. २०१९ मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून जो सल्ला दिला, त्यानुसार आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी ३० मिनिटे, मध्यम गतीचा व्यायाम किमान १२ आठवडे केल्यास थकवा कमी होतो; त्याला आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या बळकटीच्या व्यायामाची जोड दिल्यास चांगले.

तीस मिनिटे ऐकून घाबरून जाऊ नये. पहिल्या आठवड्यात घराच्या अंगणात किंवा इमारतीच्या व्हरांड्यात पाच मिनिटे, दिवसातून दोनदा, एवढे पुरे. दुसऱ्या दिवशी थकव्याचा आकडा आधीपेक्षा दोन अंकांहून अधिक चढला नाही, तर पुढच्या आठवड्यात दोन मिनिटे वाढवावीत. चढला, तर आधीच्या मापावर परत यावे. मध्यम गती म्हणजे काय, हे ओळखायला घड्याळ लागत नाही: चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. मराठवाडा आणि विदर्भात मार्च ते जून या काळात सूर्य वर येण्याआधी चालून घ्यावे, कारण उन्हाने आलेली ग्लानी आणि हा थकवा एकत्र झाले की दोन दिवस वाया जातात.

बळकटीसाठी जिमची आवश्यकता नाही. हात नसलेल्या खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे आणि सावकाश बसणे, असे पाच-सहा वेळा. भिंतीला तळहात टेकवून उभ्याने पुश-अप. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात धरून कोपरातून वर उचलणे, एवढ्यावर सुरुवात होते. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर वजन उचलले तर हाताची सूज वाढेल, ही भीती फार खोलवर रुजली आहे, पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हळूहळू आणि देखरेखीखाली वजन वाढवत नेलेल्या स्त्रियांची सूज वाढली नाही, असे दिसले. हाडांमध्ये आजार पसरला असल्यास, हाडे ठिसूळ असल्यास, प्लेटलेट कमी असल्यास किंवा तळपायांना मुंग्या येऊन तोल जात असल्यास मात्र आधी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम ठरवून घ्यावा.

योगासनांचा उपयोग होतो का?

होतो. स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या २०० स्त्रियांपैकी निम्म्यांना १२ आठवडे हठयोगाचे वर्ग दिल्यानंतर, वर्ग संपून तीन महिने झाल्यावरही त्यांचा थकवा वर्ग न घेतलेल्या उरलेल्या स्त्रियांपेक्षा कमी होता, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. सौम्य आसने, श्वासाकडे लक्ष आणि शवासन एवढे पुरेसे आहे. वेगाने केलेली कपालभाती, शीर्षासन आणि पोटावर ताण देणारी आसने, विशेषतः पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर, विचारल्याशिवाय करू नयेत.

बरे वाटते त्या दिवशी सगळी कामे उरकतो आणि मग दोन दिवस अंथरूण धरतो. काय करावे?

माझ्या मावशींनी उपचारांनंतर भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये रोज रात्री त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने थकव्याचा आकडा लिहायला सुरुवात केली. तीन आठवड्यांनी कॅलेंडर खाली काढून पाहिले, तर प्रत्येक शनिवारी ३ होता आणि प्रत्येक रविवार-सोमवारी ८. शनिवार हा त्यांच्या गावचा बाजाराचा दिवस. आठवडाभर सावरलेल्या असल्याने त्या दिवशी त्यांना हुशारी वाटे, म्हणून त्या स्वतः बाजारात जात, दोन पिशव्या भरून आणत, आल्यावर भाजी निवडत आणि संध्याकाळी सगळ्यांसाठी वांग्याचे भरीतही करत. शनिवारी काढलेले कर्ज त्या रविवारी आणि सोमवारी फेडत होत्या, पण तीन आठवड्यांचे आकडे ओळीने दिसेपर्यंत ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते, त्यांच्याही नाही.

मग बाजाराला जाणे चालू ठेवले, कारण तिथे भेटणाऱ्या बायकांशी बोलणे हेच त्यांना हवे असे. पिशव्या पुतण्याने आणायच्या, निघण्यापूर्वी वीस मिनिटे खुर्चीत बसायचे, भाजी दुसऱ्या दिवशी निवडायची आणि शनिवारी रात्री खिचडी, असे ठरले. दोन महिन्यांनी ८ च्या जागी ५ दिसू लागले. शून्य कधी झाला नाही, हेही सांगितले पाहिजे.

तुम्हीही दोन-तीन आठवडे असा आकडा लिहून पाहावा आणि त्यापुढे त्या दिवशीचे एक मोठे काम नोंदवावे. चांगल्या दिवशी थोडे कमी आणि वाईट दिवशी थोडे तरी, हे त्यातून जमवायचे असते. थांबायचे ते दमल्यावर नाही, दमण्याच्या आधी. आणि हे स्वयंपाकघरात जन्म गेलेल्या बाईला सर्वांत अवघड जाते.

घरकामात शक्ती कशी वाचवावी?

उभ्याने होणारी कामे बसून करावीत: ओट्यापाशी उंच स्टूल ठेवावे, कणीक बसून मळावी, आंघोळीसाठी न घसरणारे प्लास्टिकचे स्टूल घ्यावे आणि अंग पुसण्याऐवजी मोठा पंचा गुंडाळून पाच मिनिटे बसावे. हात डोक्याच्या वर न्यावे लागणारी कामे, म्हणजे दोरीवर कपडे वाळत घालणे आणि माळ्यावरचे डबे काढणे, दुसऱ्याकडे द्यावीत. रोजच्या वापराचे डबे कमरेच्या उंचीवर आणावेत. आणि कोणती कामे अजिबात न केली तरी चालतील, याची यादी घरातल्या सर्वांनी बसून करावी; ती अपेक्षेपेक्षा लांब निघते.

रात्री झोप लागत नाही आणि दिवसा डोळे मिटतात. उपाय काय?

उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही एकच ठेवावी, कारण झोपण्यापेक्षा उठण्याच्या वेळेवर झोपेचे चक्र अधिक अवलंबून असते. सकाळी अर्धा तास उजेडात बसावे. दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी संपवावी; चारनंतर चहा-कॉफी घेऊ नये. अंथरुणात वीस मिनिटे पडूनही झोप आली नाही, तर उठून दुसरीकडे बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परत यावे. निद्रानाश महिनाभर टिकला असल्यास झोपेच्या गोळ्यांपूर्वी त्यासाठीच्या विशिष्ट वर्तनोपचाराविषयी विचारावे. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे घरच्यांना जाणवत असेल, तर ते वेगळे दुखणे आहे आणि त्याची तपासणी वेगळी असते.

आहारात काय बदलावे?

महागड्या डब्यातल्या पावडरीपेक्षा ताटातल्या प्रथिनांकडे पाहावे. कर्करुग्णांसाठी दर किलो वजनामागे दररोज १ ग्रॅमहून अधिक, शक्य झाल्यास १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिने असावीत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे प्रमाण विचारून ठरवावे. ५५ किलो वजनाच्या व्यक्तीला हे रोज किमान ५५ ग्रॅम, जमल्यास ८० ग्रॅमच्या आसपास होते. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि पेलाभर दुधात सहा-सात. वरणाच्या पातळ पाण्यात फारशी नसतात, म्हणून वरण घट्ट असावे. पिठले, मोडाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, ताक, पनीर, मासे हे सारे घरचेच आहे. तोंड आलेले असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर नाचणीच्या आंबिलात दुधाची किंवा डाळीच्या सत्त्वाची भर घालता येते.

लोहाच्या गोळीसोबत आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. ताटातली लिंबाची फोड मात्र शोषण वाढवते. दिवसभर पाणी थोडे-थोडे पीत राहावे. संकष्टी, एकादशी, सोमवार असे आठवड्यातून दोन-तीन उपवास करणाऱ्यांनी निदान बळ येईपर्यंत ते थांबवावेत. साबुदाण्याच्या खिचडीतली प्रथिने काय ती शेंगदाण्याच्या कुटातून येतात, साबुदाण्यातून जवळपास काहीच नाही.

अश्वगंधा, गुळवेल यांसारखी औषधे घ्यावीत का?

कर्करोगतज्ज्ञांना न सांगता घेऊ नयेत. अश्वगंधा थायरॉइडच्या संप्रेरकांचे प्रमाण बदलू शकते आणि तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. संप्रेरकावर वाढणारा कर्करोग झालेल्यांनी वनस्पतिजन्य टॉनिकांबाबत अधिकच सावध राहावे. 'आयुर्वेदिक आहे, म्हणजे अपाय नाही' हे विधान आयुर्वेदाच्या जाणकार वैद्यालाही मान्य होणार नाही.

थकव्यावर थेट औषध नाही का?

उपचार पूर्ण झालेल्या रुग्णांसाठी भरवशाचे असे औषध सध्या नाही. जागे ठेवणाऱ्या गोळ्या, अवसादविरोधी (नैराश्यावरची) औषधे किंवा एल-कार्निटिन हे पूरक केवळ थकव्यासाठी देऊ नयेत, असे अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यांनी पुढे केलेले उपाय व्यायाम, सजगतेवर आधारित ध्यान, विचार-वर्तन उपचार आणि योग हे आहेत.

हा थकवा आहे की नैराश्य, हे कसे समजावे?

दोन्ही एकमेकांत मिसळलेली असतात, पण एक प्रश्न उपयोगी पडतो: अंगात बळ असते, तर ते काम करावेसे वाटले असते का? 'हो, फार वाटते, पण जमत नाही' असे उत्तर आले, तर थकव्याचे पारडे जड. 'बळ असते तरी नकोच वाटले असते' असे उत्तर दोन आठवड्यांहून अधिक काळ येत राहिले, तर नैराश्याचा विचार करावा लागतो. फॉलोअपची तारीख जवळ आली की वाढणारी धास्तीही माणसाला थकवते. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर घरातल्या एका माणसाला ते आजच सांगावे आणि या क्रमांकावर संपर्क साधावा.

'आता बरी झालीस ना?' असे घरचे म्हणतात. त्यांना कसे समजावावे?

केस परत आले, चेहऱ्यावर तेज आले की आजार संपला, असे घराला वाटते आणि थकवा तर डोळ्यांना दिसत नाही. त्यातून घरात खटके उडतात. सासूबाईंना 'आई, मला बरे नाही' असे मोघम सांगण्यापेक्षा 'आई, सकाळी अकरापर्यंत माझ्या अंगात बळ असते, तेवढ्यात मी पोळ्या करते. संध्याकाळचा स्वयंपाक मला झेपणार नाही' असे सांगणे अधिक परिणामकारक ठरते, कारण त्यातून काय जमेल हेही कळते. फॉलोअपला जाताना त्यांनाच एकदा सोबत न्यावे; डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीला घरात वेगळे वजन असते. पुरुष रुग्णांची अडचण निराळी असते: ते थकवा कबूलच करत नाहीत आणि चिडचिड करतात, त्यामुळे ती चिडचिड कधी होते याची नोंद पत्नीने ठेवली, तरी अंदाज येतो.

नोकरीवर केव्हा आणि कसे परतावे?

शक्य असेल तर एकदम पूर्णवेळ रुजू होऊ नये. पहिले काही आठवडे अर्धा दिवस किंवा एक दिवसाआड काम मिळते का, हे डॉक्टरांच्या पत्रासह विचारावे. पुष्कळांना काम झेपते आणि प्रवास झेपत नाही. मुंबईच्या लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णांना प्रवास करण्याची मुभा आहे. रुग्णालयाची कागदपत्रे सोबत ठेवावीत आणि कोणी हटकल्यास संकोच न करता दाखवावीत. एकाग्रतेची कामे सकाळी ठेवावीत. नावे विसरणे, बोलताना शब्द न सापडणे हे किमोनंतर बऱ्याच जणांना होते आणि बहुतेकांचे कालांतराने सुधारते. तोवर एकाच वहीत सगळे लिहून ठेवावे, चार चिठ्ठ्यांवर नाही.

डॉक्टरांना वेळ नसतो. त्यांना थोडक्यात काय सांगावे?

दारापाशी नव्हे, खुर्चीत बसल्याबरोबर पहिल्या वाक्यात सांगावे. आदल्या रात्री एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात, उदाहरणार्थ: 'चार महिन्यांपासून थकवा आहे. आकडा बहुतेक दिवस ६, आठवड्यातून दोनदा ८. झोपून उठल्यावर उतरत नाही. पूर्वी दोन जिने चढत होते, आता एका जिन्यावर थांबावे लागते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन शेवटचे कधी तपासले, ते कृपया पाहावे.' मागील रिपोर्ट तारखेनुसार लावलेले असावेत, आणि तो कागद फाइलच्या सगळ्यांत वर ठेवावा.